अंदमानात किनारा आणि जंगल पायी पाहायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पन्नाशी ओलांडलेले एक जोडपे जानेवारीच्या अखेरीस दहा दिवसांसाठी अंदमानला जाणार आहे. गाडीतून ठरावीक ठिकाणे उरकत हिंडण्याऐवजी त्यांना तिथले किनारे आणि जंगल स्वतःच्या पायांनी पाहायचे आहे. पोहणे दोघांचेही बेताचेच आहे. अशा वेळी दिवस कसे बांधावेत, कुठे किती थांबावे आणि कशापासून जपावे? गेली अठरा वर्षे मी लहान गटांना घेऊन या बेटांवर निसर्ग पाहायला जातो, त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बेटांची संख्या कमी करा. अधिकृत मोजणीप्रमाणे अंदमान आणि निकोबारमध्ये लहानमोठी बेटे आणि खडक मिळून ८३६ आहेत, आणि दहा दिवसांत त्यांतली पाच-सहा ‘करायची’ असा बेत बहुतेक जण आखतात. त्यात निम्मा वेळ धक्क्यावर, बोटीच्या रांगेत आणि सामान चढवण्या-उतरवण्यात जातो. तुमच्यासाठी मी दोन रात्री श्री विजयपुरममध्ये, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरमध्ये, चार रात्री स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, आणि जहाजाचे जमले तर उरलेले दिवस उत्तरेला दिगलीपूरला, अशी विभागणी करेन. परतीच्या विमानाच्या आदली रात्र मात्र श्री विजयपुरममध्येच काढावी, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान कोणासाठी थांबत नाही. महिना तुम्ही चांगला निवडला आहे. या बेटांवर नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात आणि वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाणी कोसळते, पण जानेवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जंगलातल्या वाटा कोरड्या राहतात, जळवांचा त्रास जवळजवळ नसतो आणि पाणी नितळ असते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. ही बेटे साधारण ९३ अंश पूर्व रेखांशावर आहेत, तर आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून ठरते, त्यामुळे सूर्य तिथे घड्याळाच्या मानाने सुमारे चाळीस मिनिटे लवकर वागतो. जानेवारीअखेर तो सहाच्या आधी उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. दाट झाडीखाली तर पाचलाच अंधारून येते. नऊ वाजता न्याहारी आणि दहाला बाहेर पडणे ही सवय घेऊन आलेला माणूस दिवसाचा उत्तम भाग झोपेत घालवतो. साडेपाचला बाहेर, नऊ-साडेनऊला परत, भर दुपारी विश्रांती आणि तीननंतर पुन्हा दोन तास, ही तिथली खरी दिनचर्या होय.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ‘किनारे आणि जंगल’ असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत, पण अंदमानात ती दोन ठिकाणे नाहीत. एरवी किनारा म्हटला की मागे सुरू, माड, रस्ता आणि वस्ती आलीच. इथे अजून पुष्कळ ठिकाणी वाळू जिथे संपते तिथेच शंभर फुटांहून उंच झाडांची भिंत उभी राहते. त्या दोहोंमधली वीस-पंचवीस पावलांची पट्टी सगळ्यांत समृद्ध असते आणि नेमकी तीच लोक ओलांडून पुढे जातात, कारण त्यांना पाणी गाठायचे असते. म्हणून माझी पद्धत अशी की दिवस गाडीच्या वेळेवर न बांधता भरती-ओहोटीवर बांधायचा: भरती असेल तेव्हा जंगलात आणि जंगलाच्या कडेला, ओहोटी असेल तेव्हा उघड्या पडलेल्या खडकाळ पट्ट्यावर, आणि मधल्या वेळी वाळूवर.

कोकणात तिथीच्या पाऊणपट काढून भरतीची वेळ सांगणारे लोक अजून भेटतात. तो हिशोब अंदमानात जसाच्या तसा चालत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्यावर पाणी चढण्याची वेळ निराळी असते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण म्हणजे सर्वांत मोठा चढउतार, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे सर्वांत लहान, हा नियम मात्र तिथेही तोच आहे. श्री विजयपुरमचे भरतीचे कोष्टक सहज मिळते. मुक्कामाच्या सगळ्या दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून खिशात ठेवा. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते. हा आकडा कोकणच्या मानाने लहान वाटेल, पण उथळ सपाट किनाऱ्यावर तेवढ्याने शेकडो पावलांचा फरक पडतो.

तो फरक मी एकदा अंगावर घेतला आहे. स्वराज द्वीपावर एलिफंट बीचला जाणारी एक पायवाट आहे, सुमारे दोन किलोमीटरची: आधी उंच झाडीतून उतार, मग शेवटी कांदळवनाचा चिखल आणि एकदम समोर समुद्र. जाताना चिखल घोट्याइतका होता. मी कोष्टक पाहिले होते, पण गटातल्या लोकांना पाण्यातून बाहेर काढायला उशीर झाला, आणि परतताना त्याच जागी कमरेएवढे पाणी होते. कॅमेरे डोक्यावर, एकमेकांचे हात धरलेले आणि पायाखाली न दिसणारी मुळे, अशा अवस्थेत आम्ही सात जण ती शंभर पावले चाललो. कांदळवनाच्या खाडीत मगर असू शकते हे मला माहीत होते, गटाला नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून त्या वाटेवर ओहोटी सुरू झाल्यावर निघायचे आणि पाणी पुन्हा फिरायच्या आत चिखल ओलांडून परत यायचे, हा नियम मी मोडलेला नाही. वाटेवर स्थानिक वाटाड्या घ्या आणि तो ‘आता परत फिरू’ म्हणाला की वाद घालू नका.

मगरीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण जाहिरातींत ते कोणी लिहीत नाही. खाऱ्या पाण्यातली मगर या बेटांवर सर्वत्र आहे, ती समुद्रातून एका खाडीतून दुसऱ्या खाडीत पोहत जाते, आणि स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्याच्या टोकाला असलेल्या नील कोव्ह नावाच्या सुंदर कोपऱ्यात २०१० मध्ये एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला आहे. याचा अर्थ घाबरून खोलीत बसावे असा नाही. ओढ्याचे किंवा खाडीचे मुख, कांदळवनाची कड आणि गढूळ पाणी टाळावे. पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात उतरू नये, आणि जीवरक्षकांनी आखलेल्या हद्दीबाहेर पोहू नये, एवढे पाळले तरी धोका पुष्कळ कमी होतो. नील कोव्हपर्यंत चालत जरूर जा आणि वाळूवरून पाहा.

त्या राधानगरविषयी दोन शब्द. ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ मध्ये या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवल्यापासून तिथे गर्दी असते आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकनही मिळाले. सूर्यास्ताची गर्दी मला सोसत नाही. तुम्ही सकाळी सहाला जा, तेव्हा संपूर्ण किनारा तुमचा असतो. वाळूकडे जाण्याआधी मागच्या झाडांखाली थांबा. तिथे जे प्रचंड बुंध्यांचे वृक्ष आहेत त्यांत समुद्री मोहा पुष्कळ आहे. नावात मोहा असला तरी तो आपल्या रांजणाचा आणि चिकूचा जवळचा भाऊबंद, खाऱ्या वाऱ्यातही ताठ उभा राहणारा. त्याच्यापुढे देशी बदाम, उंडी, केवडा आणि अगदी वाळूवर पसरलेली मर्यादवेल. ही वेल समुद्राची मर्यादा दाखवते असे मानून आपल्या लोकांनी तिला हे नाव दिले असावे, आणि ते अगदी नेमके आहे: वाळू बांधून धरण्याचे काम ती करते आणि ती जिथून खरडली जाते तिथून किनारा खचू लागतो. तेव्हा तिच्यावरून चालू नका.

पहाटे या पट्टीत फिरताना एका गोष्टीवर नजर ठेवा: वाळूवर पडलेले पांढऱ्या तंतूंचे, टोकाकडे गुलाबी होत जाणारे झुबके. ते समुद्रफळाच्या कुळातल्या बॅरिंगटोनियाचे फूल. ते रात्री उमलते आणि उजाडता उजाडता गळून पडते, म्हणून नऊ वाजता येणाऱ्याला ते सुकलेलेच दिसते. त्याचे मुठीएवढे चौकोनी फळ आतून तंतुमय आणि हलके असते, महिनोन्‌महिने समुद्रावर तरंगते आणि दूरच्या बेटावर जाऊन रुजते. बी विषारी आहे. ते कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची रीत उष्ण कटिबंधातल्या अनेक किनाऱ्यांवर होती. भरतीच्या रेषेवर वाहून आलेल्या बिया पाहणे हा माझा आवडता उद्योग आहे. उंडीच्या गोट्या, बदामाची सुकलेली फळे आणि नावेच्या कण्यासारखी कड असलेल्या सुंदरीच्या कुळातल्या बिया एका हाकेच्या अंतरात सापडतात. जंगल या बेटांवर आले कसे, याचा निम्मा खुलासा त्या रेषेवर पडलेला असतो. दुर्दैवाने त्याच रेषेवर इतर देशांच्या लिपींतली लेबले असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्याही असतात. समुद्राला सरहद्द कळत नाही.

शंख-शिंपले मात्र उचलू नका, आणि हे केवळ कायद्यासाठी सांगत नाही. कायदा आहेच: प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यातून सुटत नाही, आणि विमानतळावर सामान तपासताना तो काढून घेतात. पण खरे कारण संध्याकाळी वाळूवर बसले की दिसते. संन्यासी खेकड्याला स्वतःचे कवच नसते. तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. किनाऱ्यावरचे चांगले शंख माणसांनी नेले की बाटलीच्या झाकणात अंग खुपसून चालणारा खेकडा दिसतो. तो एकदा पाहिला की हात आपोआप मागे येतो.

जंगलात शिरल्यावर आधी निराशा होण्याची शक्यता आहे. वाघ, बिबट्या तर नाहीतच, पण अंदमानात माकडेही नाहीत. ती निकोबारमध्ये आहेत. जे हरीण दिसेल ते चितळ, आणि ते ब्रिटिशांनी आणून सोडलेले आहे. त्याला खाणारे कोणी नसल्याने त्याने कित्येक बेटांवर जमिनीलगतची रोपे फस्त केली आहेत. बारा मीटर उंचीवर फांद्या फुटणारे जंगल, पण खाली नवे झाड नाही, असे दृश्य दिसले तर त्यामागे चितळ आहे हे ध्यानात घ्या. पाहायचे ते वर आणि कानांनी. गर्जन वृक्षाचे दोन पंखांचे बी भिंगरीसारखे फिरत उतरते. पडौक या लाल लाकडाच्या वृक्षाची आधारमुळे माणसाच्या उंचीच्या फळ्यांसारखी पसरलेली असतात, कारण इथली माती उथळ आहे आणि मुळांना खोल जाता येत नाही. एका जागी वीस मिनिटे न बोलता उभे राहिलात तर पक्ष्यांची मिश्र टोळी येते: पुढे भृंगराज, मागे पानांतले किडे टिपणारे लहान पक्षी, आणि नशीब असेल तर तांबडा तुरा मिरवणारा अंदमानी काळा सुतार, जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. चालत राहणाऱ्याला यातले फारसे काही दिसत नाही.

जंगलातले धोके किरकोळ वाटणारे आहेत आणि म्हणूनच त्रास देतात. वेताच्या आकड्या काट्यांत कपडा अडकला तर पुढे ओढू नका, एक पाऊल मागे या, तो आपणच सुटतो. आधारासाठी झाडाला हात लावण्याआधी नजर टाका. घोण आणि विंचू सालीखाली असतात. बिब्ब्याच्या कुळातली काही झाडे इथे आहेत ज्यांच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, आणि कांदळवनातल्या गेव्याचा दुधी चीक डोळ्यांत गेला तर तात्पुरते अंधत्व येऊ शकते, म्हणून पाने-फांद्या मोडू नका. साप दिसला तर वाट त्याला द्या. आणि माडाखाली बसू नका. नारळ पडण्याची वेळ कोणत्याही कोष्टकात नसते.

ओहोटीची वेळ मी स्वराज द्वीपाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, म्हणजे विजयनगरच्या बाजूला, घालवतो. तिथे पोहायला आलेले लोक ओहोटीला ‘पाणीच नाही’ म्हणून हिरमुसतात, पण ज्यांचे पोहणे बेताचे आहे त्यांना समुद्राचा तळ पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही. पाणी मागे गेले की डबक्या-डबक्यांतून निळे मासे, ऑक्टोपस, ठिपक्यांचे खेकडे आणि समुद्रकाकड्या दिसतात, खडकावर काळाभोर समुद्रबगळा स्तब्ध उभा असतो, आणि कांदळवनाच्या कडेला निवट्या नावाचे छोटे मासे चिखलावर उड्या मारत भांडत असतात. जाड तळाचे, पावलाला घट्ट बसणारे बूट घालूनच चाला आणि पाऊल फक्त वाळूवर टाका. जिवंत प्रवाळावर पडलेल्या एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते, आणि या बेटांच्या प्रवाळाने १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण समुद्रात आधीच बरेच सोसले आहे. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेले पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच सटकते. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर त्याचा डंख जीवघेणा ठरू शकतो. दगडमाशाचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, त्याने वेदना उतरते, आणि मग दवाखाना गाठावा. निळ्या-काळ्या पट्ट्यांचा समुद्रसर्प खडकात वेटोळे घालून बसलेला दिसेल. त्याचे विष जहाल पण स्वभाव गरीब असतो, त्याला हात लावायला जाणारा माणूसच बहुधा गुन्हेगार असतो.

श्री विजयपुरमच्या दोन दिवसांत वंडूर आणि चिडिया टापू पुरेत. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ चे, पंधरा बेटांचे. जॉली बॉय बेट हिवाळ्या-उन्हाळ्यात उघडे असते आणि तिथे प्लास्टिक नेऊ देत नाहीत, हे मला फार आवडते. चिडिया टापूच्या किनाऱ्यावर मोठमोठे पांढुरके बुंधे आडवे पडलेले दिसतील. लोक त्यांवर चढून छायाचित्रे काढतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली, काठावरच्या झाडांच्या मुळाशी खारे पाणी आले आणि ती मेली. उत्तर अंदमानात याच्या उलट झाले: तिथे जमीन वर उचलली गेली आणि काही ठिकाणचे प्रवाळ पाण्याबाहेर येऊन वाळून गेले. म्हणून एक गोष्ट लक्षात असू द्या: किनाऱ्यावर असताना जमीन जोराने आणि बराच वेळ हलली, किंवा समुद्र अवेळी मागे हटला, तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट न पाहता उंचावर चढायचे.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांबद्दल तुम्हाला सगळेच सांगतील. तिथे जाणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि छायाचित्रे घ्यायला बंदी आहे, आणि तरी ताफ्यातले पुष्कळसे डोळे गुहा नव्हे तर माणसे शोधत असतात. माझ्या गटांना मी त्या रस्त्याने नेत नाही.

दिगलीपूरही त्याच रस्त्याने जोडलेले आहे, म्हणून तिथे सरकारी जहाजाने जावे, असा माझा आग्रह आहे. जागा आधी राखून ठेवा आणि नाहीच मिळाली तर ते दिवस स्वराज द्वीपाला द्या. मिळाली तर तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे ठिकाण तेच आहे. अंदमानातले सर्वांत उंच शिखर, ७३२ मीटरचे सॅडल पीक, तिथे आहे आणि त्याची वाट सुरुवातीला समुद्राच्या कडेकडेने जाते, मग जंगलात वळून चढू लागते. शिखरापर्यंत जाऊन येणे हा दमछाकीचा पूर्ण दिवस आहे. तुम्ही फक्त किनाऱ्याचा टप्पा आणि चढाची पहिली वळणे करा. जवळच्या कालीपूरच्या वाळूत त्या महिन्यांत समुद्री कासवे अंडी घालायला येतात. रात्री वनखात्याच्या माणसांबरोबरच जावे, विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवावा आणि मादीच्या समोर येऊ नये. रात्री काहीच दिसले नाही तरी उजाडता उजाडता पुन्हा त्याच वाळूवर जा. पाण्यातून वर आलेली, ट्रॅक्टरच्या चाकासारखी दिसणारी रुंद वाट भरतीची रेषा ओलांडून मर्यादवेलीपर्यंत जाते, तिथे वाळू उकरून पुन्हा सारखी केलेली असते, आणि तिथून दुसरी वाट समुद्राकडे परतते. रेघ दीड हातापेक्षा थोडी जास्त रुंद असेल तर ऑलिव्ह रिडले, आणि एक माणूस आडवा झोपेल एवढी असेल तर चामडी पाठीचे महाकाय कासव येऊन गेले असे समजा.